फ्रीपोर्ट स्मारकशिला
फ्रीपोर्ट स्मारकशिला : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या वायव्य भागात, फ्रीपोर्ट शहराच्या मध्यवस्तीत असलेले ऐतिहासिक स्मारक. अब्राहम लिंकन (१८०९–६५) व स्टीव्हन डग्लस (१८१३–६१) यांची निवडणूक-प्रचारातील दुसरी वादसभा येथे २७ ऑगस्ट १८५८ रोजी झाली. त्या स्थळाची खूण म्हणून एका मोठ्या नैसर्गिक शिळेवर ब्राँझचा लेखपट्ट बसविण्यात आला. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते ३ जून १९०३ रोजी तिचे समर्पण झाले.

सीनेटच्या इलिनॉयमधील एका जागेसाठी डग्लस हे डेमॉक्रॅटिक पक्षाचे, तर लिंकन हे नव्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. त्या काळी सीनेटरांची निवड राज्य विधिमंडळ करीत असे. त्यामुळे दोघांचाही प्रचार आपापल्या पक्षाला विधिमंडळात बहुमत मिळावे यासाठी होता. ऑटावा, फ्रीपोर्ट, जोन्झबरो, चार्ल्सटन, गेल्झबर्ग, क्विन्सी व ऑल्टन अशा सात ठिकाणी वादसभा झाल्या. पहिल्या वक्त्यास एक तास, दुसऱ्यास दीड तास व पहिल्यास उत्तरादाखल अर्धा तास, असा क्रम होता. फ्रीपोर्ट येथे पहिले भाषण लिंकन यांचे झाले.

या सभेत लिंकन यांनी डग्लस यांना चार प्रश्न विचारले. त्यांपैकी दुसरा महत्त्वाचा ठरला : राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वी एखाद्या प्रदेशातील लोकांना तेथून गुलामगिरी कायदेशीरपणे वगळता येईल काय? ड्रेड स्कॉट खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (१८५७) व डग्लस यांचे लोकसत्तेचे तत्त्व यांतील विसंगती त्यामुळे उघड झाली. स्थानिक कायद्यांच्या संरक्षणाविना गुलामगिरी टिकूच शकत नाही. म्हणून प्रतिकूल कायदे करून लोकांना ती रोखता येईल, असे उत्तर डग्लस यांनी दिले. यालाच ‘फ्रीपोर्ट सिद्धांत’ असे नाव पडले. जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळाने डग्लस यांना ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडले. परंतु दक्षिणेकडील डेमॉक्रॅट त्यांच्यापासून अधिकच दुरावले. १८६० मध्ये पक्ष दुभंगला आणि लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

या घटनाक्रमाचे सर्व श्रेय फ्रीपोर्टच्या सभेला देणे मात्र उचित नाही. हेच मत डग्लस यांनी त्यापूर्वीही मांडले होते आणि कॅन्ससच्या प्रश्नावरून दक्षिणेशी त्यांचे आधीच बिनसले होते. फ्रीपोर्टमुळे त्या मताला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली, एवढे निश्चित.

स्मारके वक्त्यांची नावे जपतात. ज्यांच्याविषयी वाद झाला, त्यांची क्वचितच. ज्या कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येथे चर्चिला गेला, त्यांना १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये मताधिकार नव्हता. डग्लस यांनी वांशिक समतेची खिल्ली उडविली. लिंकन यांनी गुलामगिरीच्या प्रसारास विरोध केला, तथापि पुढे चार्ल्सटनच्या सभेत सामाजिक व राजकीय समतेचा आपण पुरस्कार करीत नाही, असे त्यांनीही सांगितले. या मर्यादा ध्यानात घेतल्यासच शिळेचा खरा अर्थ उमगतो. लिली टोल्पो यांनी घडविलेला वादसभेचा पुतळा १९९२ मध्ये याच स्थळी उभारण्यात आला.