मुलांनी अकरावीस कोणते विषय घ्यावेत?

दहावीच्या परीक्षेचा निकाल पूर्वी जून महिन्यात, ऐन मृगाच्या तोंडावर लागत असे. पेरणीच्या घाईत मुलाच्या पुढील शिक्षणाचा विचार करावयास फुरसत मिळाली नाही, ही सबब तेव्हा शेतकऱ्यास सांगता येत असे. २०२५ साली हा निकाल १३ मे रोजीच लागला. त्या वेळी नांगरट झालेली असते, पावसास अवकाश असतो आणि लग्नसराईखेरीज दुसरे मोठे काम हाती नसते. सबब आता ती सबब उरलेली नाही.

मी महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. माझे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेतले. कॉलेजचे तोंड मी दाखल्यांवर शिक्के मारतानाच काय ते पाहिले. परंतु दरवर्षी उन्हाळ्यात कचेरीच्या ओसरीवर दाखल्यांसाठी जी गर्दी होत असे, तिच्याशी माझा अनेक वर्षे संबंध आला. अर्ज लिहून घेता घेता मी सहज विचारीत असे, "मुलास कोठे घालणार?" उत्तर बहुधा ठरलेले, "सायन्सला." "सायन्स घेऊन पुढे काय?" या दुसऱ्या प्रश्नास उत्तर देणारा दहांत एखाददुसराच भेटे. हाच गृहस्थ कांद्याचे बी घ्यावयाचे झाल्यास चार दुकाने हिंडतो, मागील साली कोणाचे उगवले व कोणाचे फसले याची चौकशी करतो, आणि मगच पैसे सोडतो.

परक्याचे उदाहरण देण्यापेक्षा घरचेच देतो, कारण त्यात दोष माझाही आहे. माझा पुतण्या २०१७ साली गावच्या हायस्कुलातून दहावी झाला. गुण शेकडा ९१. दादांनी मला सल्ला विचारला आणि मी विचार न करता सांगून टाकले की, मुलास डॉक्टर करा. एका मोठ्या शहरातील क्लासात त्याचे नाव घातले. कॉलेजच्या पटावर नाव एके ठिकाणी आणि शिकणे दुसरीकडे, अशी ती व्यवस्था होती. क्लासवाल्यांनी सांगितले की, नीट परीक्षेस गणित लागत नाही, तेव्हा ते सोडून द्यावे, वेळ वाचेल. गणित सोडले. फी, वसतिगृह आणि पुस्तके यांसाठी दादांनी विहिरीखालची दोन एकर जमीन पाच वर्षांच्या मुदतखरेदीने लिहून दिली. मुदतखरेदी म्हणजे काय आणि तिचा शेवट बहुधा कसा होतो, हे मी फेरफारांच्या नोंदींत जन्मभर पाहिले होते. तरीही मी गप्प राहिलो.

मुलगा २०१९ साली नीटला बसला व पुन्हा २०२० साली बसला. गुण वाईट नव्हते, परंतु जागा मिळण्याइतके नव्हते. मग त्याने कृषी अभियांत्रिकीस जातो म्हटले, तर तेथे गणित हवे. निदान कृषीची पदवी घ्यावी, तर एमएचटी-सीईटीचा अर्जच भरलेला नव्हता, कारण क्लासाच्या मते तोही वेळेचा अपव्ययच होता. त्या दिवशी तो मला म्हणाला, "काका, गणितात मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते. पण मला कोणी विचारलेच नाही." हे वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. अकरावीस शाखा निवडणे ही एक गोष्ट आणि त्या शाखेत विषय निवडणे ही दुसरी. आपले लोक पहिलीचा गाजावाजा करतात आणि दुसरी मुलाच्या मित्रावर सोपवतात. वस्तुतः दारे उघडतात ती विषयांनी. विज्ञान शाखेत इंग्रजी, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेतल्यावर उरलेल्या जागी गणित घ्यावयाचे, जीवशास्त्र घ्यावयाचे, की दोन्ही, हा खरा प्रश्न असतो. अभियांत्रिकीस गणित लागते. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि आपल्या जनावरांचा डॉक्टर होण्याची पशुवैद्यक पदवी या सर्वांस जीवशास्त्र व नीट परीक्षा लागते. बी.एस्सी. कृषीचे दार मात्र या दोहोंपैकी कोणत्याही गटाने उघडते, अट एवढीच की एमएचटी-सीईटी दिलेली असावी. कृषी अभियांत्रिकीचे दार गणितानेच उघडते. हे चार-पाच नियम कोणत्याही बापास एका संध्याकाळी समजण्यासारखे आहेत.

ज्या मुलास दोन्ही झेपतील त्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यास जड होतो हे खरे. परंतु सोळाव्या वर्षी मुलाची आवड ठरलेली असतेच असे नाही, आणि एकदा सोडलेले गणित मागाहून धरणे फार कठीण. जीवशास्त्र वाचून आत्मसात करता येते. गणिताची साखळी मध्येच तुटली की पुढची कडी जुळत नाही, असे शिक्षक मंडळी सांगतात आणि मला ते पटते. दोन्ही झेपत नसतील तर मुलास विचारावे, त्याच्या दहावीच्या शिक्षकांस विचारावे. क्लासाच्या जाहिरातीस विचारू नये.

नीटविषयी एक आकडा ध्यानात ठेवावा. २०२५ साली या परीक्षेस देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील सुमारे निम्म्याच सरकारी. खाजगी कॉलेजांतील फी आपल्यासारख्यास पेलण्याजोगी नाही, ती पेलावयाची तर पुन्हा सातबाराच काढावा लागतो. यावरून मुलांनी डॉक्टर होऊ नये असे मी म्हणत नाही. होणाऱ्याने अवश्य व्हावे. परंतु सर्व पीक एकाच वाणाचे लावून तो वाण बसला तर दुसरे काय, याचा विचार आधी झालेला असावा. नीटबरोबर सीईटीचाही अर्ज भरावा, त्यास लागणारी फी ही विम्याच्या हप्त्यासारखी समजावी.

दुसरी एक अडचण आपल्या खेड्यांतील मुलांस विशेष भोवते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीच्या विज्ञान वर्गात बसला की सारी पुस्तके एकदम इंग्रजी होतात. वेगाला 'व्हेलॉसिटी' आणि पेशीला 'सेल' म्हणावयाचे, एवढ्यानेच तो पहिले चार महिने गोंधळतो, आणि आपणच मंद आहोत असे त्यास वाटू लागते. मे महिन्याच्या सुटीत कोणा शिक्षकाकडून शास्त्राच्या मराठी व इंग्रजी शब्दांची ओळख करून घेतली तर हा त्रास बराच हलका होतो. यास खर्च काहीच नाही. माझ्या गावी एका निवृत्त गुरुजींनी ही शिकवणी आपण होऊन देण्यास आरंभ केला आहे, आणि देवळाच्या ओट्यावर रोज सकाळी मुले जमतात.

शेतीचेच शिक्षण घ्यावयाचे असेल तर मार्ग पुष्कळ आहेत, आणि ते आपल्याच वर्गास कमी ठाऊक असावेत ही खेदाची गोष्ट होय. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली, त्यांच्या छत्राखाली पदवीची महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांतून दोन वर्षांची पदविकाही घेता येते. अकरावी-बारावीस पीकशास्त्र हा द्विलक्षी अभ्यासक्रमाचा दोनशे गुणांचा विषय काही कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवितात. तो घेताना दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, म्हणून कोणता विषय सुटतो ते पाहूनच घ्यावा, नाहीतर माझ्या पुतण्याची कथा पुन्हा घडावयाची. कृषी प्रवेशाच्या वेळी शेतकऱ्याच्या मुलास सातबाऱ्याच्या आधारे गुणांत अधिभार देण्याची पद्धत आहे. त्या सालची माहितीपुस्तिका पाहून उतारा वेळीच काढून ठेवावा, आणि त्यावरील नाव शाळेच्या दाखल्यावरील नावाशी जुळते की नाही हेही पाहावे. 'दगडू' आणि 'दगडोबा' यांच्या फरकापायी खेटे घालणारे लोक मी पुष्कळ पाहिले.

ज्यास पुस्तकापेक्षा हाताचे काम अधिक गोड, त्यास अकरावीत कोंडून ठेवू नये. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका मिळते आणि तीनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. आयटीआयचा दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केला तर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. माझ्या खात्याशी संबंधित एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या जागेसाठी स्थापत्याची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचे सर्वेक्षक प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. बांधावरून भांडणे करण्यात आपली हयात जाते, परंतु तो बांध मोजणारा मनुष्य आपल्याच घरचा व्हावा असे फारसे कोणास सुचत नाही.

कला व वाणिज्य या शाखांकडे नाक मुरडण्याची जी चाल पडली आहे ती मला मान्य नाही. तलाठी, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या पदास कोणत्याही शाखेची पदवी चालते. अर्थात तेथेही गर्दी आहेच: २०२३ साली ४६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. नुसती पदवी व सरकारी नोकरी एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्याने हा आकडा उंबऱ्यावर लिहून ठेवावा. वाणिज्य घेणाऱ्याने मात्र गणित ऐच्छिक आहे म्हणून आनंदाने सोडू नये. चार्टर्ड अकौंटंटच्या पहिल्याच परीक्षेत गणित व संख्याशास्त्र यांचा पेपर असतो. आणि हिशेब जाणणारी मुले शेतकरी उत्पादक कंपन्यांस व सोसायट्यांस हवीच आहेत, याचा अनुभव वार्षिक सभेत बसणाऱ्या प्रत्येक सभासदास असेल.

मुलींसंबंधी निराळे कलम लिहावे लागते, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण लिहितो. "तिला जवळचे कॉलेज पाहून आर्ट्स द्या" हे वाक्य माझ्यासमोर कितीदा उच्चारले गेले याची गणती नाही, आणि कित्येकदा त्या मुलीचे गुण तिच्या भावाहून अधिक असत. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांस केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले आहे. तेव्हा मुलीस पुढे शिकविण्यास पैसा नाही, हे म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने ही सवलत आपणास लागू पडते का ते पाहावे.

दाखल्यांविषयी थोडक्यात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात शेतीचे उत्पन्न धरतात. दुसऱ्याची आठ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचे व पगाराचे उत्पन्न धरीत नाहीत, मात्र मोठ्या बागायती धारणेस स्वतंत्र नियम आहे. हे न समजल्यामुळे पात्र असूनही अर्ज न करणारे अनेक शेतकरी मी पाहिले आहेत. ज्यास राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षण घ्यावयाचे आहे, त्याने जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. बारावीनंतर केलेल्या अर्जाची वाट पाहत जागा हातची गेलेले लोक कचेरीत येऊन आमच्यावर रागावत, आणि त्यांचा राग सर्वस्वी गैर नसे.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात संगणकावरून केंद्रीय पद्धतीने होऊ लागला. त्या साली दहापर्यंत कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरावयाची होती, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घेणे भाग होते, नाहीतर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाई. म्हणून पहिला क्रमांक गंमत म्हणून किंवा शेजाऱ्याच्या मुलाने भरला म्हणून भरू नये. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात मुलासोबत बापाने स्वतः बसावे, आणि कॉलेजात कोणते विषय खरोखर शिकविले जातात, प्रयोगशाळा उघडते की कुलूप असते, हे आधी एकदा जाऊन पाहून यावे. एस.टी.चे तिकीट तेवढे खर्चावे.

दादांच्या त्या दोन एकरांपैकी एक एकर आम्ही दोघा भावांनी मिळून २०२२ साली सोडविली. दुसरीची मुदत टळून गेली. पुतण्याने पुढे तालुक्याच्या कॉलेजातून पदवी घेतली व तो सध्या एका ठिबक संचाच्या दुकानात हिशेब पाहतो. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीस बसली आहे. निकालाची वाट न पाहता मागच्या रविवारी दादा, वहिनी, पुतण्या आणि मी असे ओटीवर बसलो, आणि या वेळी पहिल्याने तिलाच विचारले. तिने वहीच्या पानावर लिहूनच आणले होते: भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र. कॉलेज तालुक्याचेच, कारण तेथे जाण्यास सकाळची एस.टी. आहे आणि संध्याकाळी परत येऊन वहिनींस धारा काढण्यात मदत करता येते. "शहरातला क्लास?" असे दादांनी विचारले, तेव्हा पुतण्याच म्हणाला, "दादा, तिला गणित मी शिकवतो." त्याने आपली जुनी पुस्तके माळ्यावरून काढली आहेत, आणि त्यांतले गणिताचे नसल्यामुळे ते तेवढे विकत आणावयाचे आहे.