कादंबरीची कार्डं आणि एंगेलबार्टची सुई

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला असलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘डिंभे धरणात गेलेल्या गावावर कादंबरी लिहितोय. तीन पिढ्या आणि भरपूर पात्रं. आराखड्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?’ विषय वाचूनच आनंद झाला. घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला आजही त्याच गावाचं नाव आहे. त्या गावाची कादंबरी कुणीतरी लिहायलाच हवी.

सॉफ्टवेअरची नावं आधी सांगून टाकतो. ‘स्क्रिव्हनर’ हे कीथ ब्लाउंट यांनी २००७ मध्ये आणलं. त्यांना स्वतःला लिहायचं होतं आणि मनासारखं साधन मिळत नव्हतं. ‘वायरायटर’ सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन विज्ञानकथाकाराने केलं. ते प्रोग्रामरही आहेत. काहीच विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिसमधला ‘नेव्हिगेटर’ उघडा. प्रकरणांना शीर्षकं नीट दिली असतील तर तिथल्या तिथे अख्खं प्रकरण वरखाली हलवता येतं.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. कादंबरीचा घटक पान नव्हे, प्रसंग. प्रत्येक प्रसंगाला पात्रं, जागा आणि काळ जोडलेला. संगणक शिकणाऱ्याला यात ग्राफमधले नोड लगेच दिसतील. गाव बुडणं घटनाक्रमात मधेच येतं, पण कादंबरी तिथूनच सुरू होऊ शकते. घडण्याचा क्रम एक, सांगण्याचा दुसरा. साधनाने दोन्ही सांभाळले, की आजीचं लग्न धरणाच्या मोजणीआधी झालं की नंतर, हे लेखकाला डोक्यात धरून बसावं लागत नाही.

पण ही कल्पना कुणी रुजवली हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डग्लस एंगेलबार्ट म्हटलं की लोक ‘माउसचा जनक’ म्हणून थांबतात. २०१३ मध्ये ते गेले तेव्हाही बोलबाला माउसचाच झाला. हा त्यांच्यावर अन्याय आहे. माणसाची बुद्धी यंत्राच्या मदतीने कशी वाढवता येईल, यावर त्यांनी १९६२ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यात लेखनाचं एक काल्पनिक यंत्र आहे : जुन्या मसुद्यांचे तुकडे उचलावेत, नव्याने लावावेत, मधे नवे शब्द घालावेत आणि पुढचा मसुदा झरझर तयार व्हावा. असं यंत्र अजून हाताशी नसल्याने ते स्वतःच्या टिपणांसाठी कडेला भोकं असलेली कार्डं वापरत.

या कार्डांची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक भोक म्हणजे एक विषय. टीप त्या विषयाची असेल तर भोकापासून कडेपर्यंतचा कागद कापून खाच करायची. मग साऱ्या गठ्ठ्याच्या त्या भोकांतून लांब सुई घालून गठ्ठा उचलायचा. खाचवाली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकत राहतात. गठ्ठा कितीही विस्कटलेला असू दे, शोध अचूक. वीजसुद्धा लागत नाही!

मग ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दाखवलं. संगणक होता सुमारे पन्नास किलोमीटरवर, मेन्लो पार्कला. आणि उदाहरण कसलं, तर बायकोने सांगितलेल्या बाजाराच्या यादीचं. तिचे गट पाडले, गट मिटवले, परत उघडले, ओळी हलवल्या. आज कुठल्याही आराखड्यात प्रकरण मिटवणारा छोटा बाण आपण दाबतो, त्याचं मूळ त्या यादीत आहे. मला ही गोष्ट माउसपेक्षा मोठी वाटते.

आता मराठीकडे वळू, कारण खरी अडचण इथे आहे. या साधनांची सगळी मदार शोधावर असते. ‘डिंभे’ शोधलं तर ‘डिंभ्याला’, ‘डिंभ्यातून’ सापडत नाही. ‘पाऊस’ शोधलं तर ‘पावसात’ निसटतं. त्याहून फसवा प्रकार ‘शेतकऱ्याला’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, साध्या शोधाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. मोबाइलवर एक कळफलक, कॉलेजच्या संगणकावर दुसरा, आणि अर्धे शेतकरी शोधात येतच नाहीत. आंबेगावच्या कादंबरीत हे परवडणारं नाही.

एका क्लिकवर कथानक रचून देणाऱ्या साधनांची सध्या मोठी जाहिरात चालू आहे. त्यांच्या नादी लागू नये असं मला ठामपणे वाटतं. आधी पुष्कळदा लिहून झालेलं असतं तेच त्यांना पटकन सुचतं. बुडालेल्या गावात कुणाच्या ओसरीवर कोण बसायचं, हे त्या गावच्या माणसांनाच विचारावं लागेल.

शोधाच्या अडचणीवर उपाय सुईचाच. प्रत्येक प्रसंगाला ठरावीक रूपात टॅग लावा : ‘डिंभे’, ‘आजी’, ‘पाऊस’, कायम विभक्तीशिवाय. मजकुरात शब्द कसाही वाकला तरी टॅग वाकत नाही. र्‍याचे दोन प्रकार एकसारखे करणारा छोटा प्रोग्राम तर संगणक शाखेतला विद्यार्थी एका संध्याकाळी लिहील. शब्दांची सामान्यरूपं ओळखून मूळ शब्दापर्यंत पोचणं अवघड आहे, पण आयआयटी मुंबईत मराठी शब्दरूपांच्या विश्लेषणावर आधीच काम झालेलं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ते लेखकाच्या साधनाला जोडून दाखवा. ‘डिंभे’ टाकल्यावर ‘डिंभ्याच्या’, ‘डिंभ्याला’, ‘डिंभ्यातून’ असलेले सगळे प्रसंग एकत्र समोर यावेत, एवढी पहिली चाचणी पुरे.