आजीपासून नातवापर्यंत : 'धडाकेबाज'



संपादकांनी या अंकासाठी खोडव्यातील पाचटावर लेख मागितला होता. तो पुढील अंकात देतो. या वेळी थोडे अवांतर. मागच्या गट मीटिंगनंतर एक सभासद मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तोड आटोपली. घरची सगळी मिळून बघतील असा एखादा पिक्चर सांगा. मधेच उठून टीव्ही बंद करायची पाळी नको." उसाची जात विचारणारे रोज भेटतात, पिक्चर विचारणारे हे पहिलेच.

मी म्हणालो, 'धडाकेबाज' लावा.

महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९० सालचा. १९८५ च्या 'धुमधडाका'पासून त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डे यांना घेऊन एकामागून एक धमाल चित्रपट काढले. १९८७ च्या 'दे दणादण'मध्ये हवालदार लक्ष्याला अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. (कांडे उभे चिरून आत लाली दिसली की आम्हा शेतकी खात्यातल्यांचेही तसेच होते.) 'धडाकेबाज'मध्ये कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ आहे, मारामारी आहे, आणि बाटलीत राहणारा वीतभर गंगाराम आहे. गंगाराम हुबेहूब लक्ष्यासारखा, कारण दोन्ही कामे बेर्डे यांचीच.

हा मी पहिल्यांदा पाहिला तो गावच्या जत्रेत, तंबूत. तेव्हा आमच्या घरी पिक्चरचे नाव काढायची सोय नव्हती. एकदा भलत्याच बोलण्याच्या सिनेमातून आजोबांनी घरच्या सगळ्यांना अर्ध्यातून उठवून आणले होते. तेव्हापासून बायकांना तंबू बंद. या खेपेला शाळेच्या गुरुजींनी आजोबांना खात्री दिली, म्हणून आई, आजी, काकू सगळ्या निघाल्या. बायका दोरीच्या पलीकडे, पुरुष अलीकडे.

'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या तऱ्हेत रुंद दृश्य फिल्मवर आडवे दाबून घेतलेले असते आणि दाखवताना खास भिंग लावून ते पुन्हा पसरवतात. आमच्या तंबूवाल्याकडे ते भिंगच नव्हते. पडद्यावर महेश, लक्ष्या, अश्विनी भावे, झाडून सगळी माणसे आडसाली उसासारखी लांबच लांब आणि सडसडीत. तक्रार कोणी केली नाही. आम्हाला वाटलं, सिनेमातली माणसं अशीच असतात.

कवट्या महाकाळ आला की पोरं माना खाली घालायची. पण लक्ष्या पोरांपेक्षा जास्त घाबरलेला, त्यामुळे हळूच एक डोळा वर यायचा. माझ्या मते या सिनेमाची सगळी किमया इथे आहे. भीती दाखवतो, पण भ्यायचे काम लक्ष्याकडे देतो. मग पाच वर्षांचे पोरही त्याच्यापुढे शूर ठरते, आणि म्हाताऱ्या माणसालाही खाली बघावे लागत नाही.

त्या रात्री दोरीपलीकडून एक हसणे ऐकू आले. मोठ्याने, खळखळून. ते आईचे आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला, कारण घरात ते कधी ऐकलेच नव्हते. सासऱ्यांपुढे पदर तोंडाला लावून हसायची रीत. मी घाबरून आजोबांकडे पाहिले. त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी विचारलं, "सूनबाई, तो बाटलीतला कोण म्हणायचा?" कामाखेरीज ते आईशी बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. आईने चुलीपुढून उठून, दाराआड उभी राहून, अख्खी गोष्ट सांगितली.

सिनेमात उणे नाही असे नाही. नायिकांना काम थोडके, आणि मारामारीत ठोशापेक्षा आवाजच मोठा. मोबाईलवर वाढलेल्या पोरांना यातल्या युक्त्या लगेच कळतात.

मी आता बजाजनगरात राहतो. इथली घरे वाळूजच्या कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतात. पहिल्या पाळीचा झोपलेला असतो, तेव्हा दुसऱ्या पाळीचा डबा भरत असतो. घरातले चौघे एका वेळी बसलेले क्वचित दिसतात. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा मोबाईल. त्या सभासदांना सांगून आलो आणि वाटले, आधी आपल्याच घरी लावून बघावा. रविवारी लावला. शेजारचे दोघे रात्रपाळी करून आलेले, तेही बसले. झोप आली म्हणून उठले नाहीत.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. माझ्या मुलाला ते माहीत नव्हते. गंगाराम बाटलीत दिसला तेव्हा तो ओरडला, "पप्पा, हा पुन्हा तोच!" आई पंचाहत्तरीच्या घरात आहे. ती बराच वेळ पडद्याकडे टक लावून पाहत राहिली, मग मला म्हणाली, "अरे, ही माणसं एवढी रुंद कशी झाली?"

– ऊस विकास अधिकारी