आत्म्याचे अमरत्व की देहाचे पुनरुत्थान?

पूर्णा नदीच्या काठी धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या येलदरीत असो वा परभणी जिल्ह्यातील दुसऱ्या एखाद्या गावात, कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेल्या वाचकाच्या मनात एक गोष्ट पक्की असते, ती म्हणजे देह नश्वर आणि आत्मा अमर. त्यामुळे ख्रिस्ती धर्मही मरणोत्तर जीवन मानतो असे कळले, की तोही हेच सांगत असणार असा समज सहज होतो. प्रत्यक्षात चर्चमध्ये उपासनेच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या संक्षिप्त जाहीर कबुलीत, आत्म्याच्या अमरत्वाचा शब्दही नाही; तेथे आहे ते शरीराचे पुनरुत्थान, आणि हा फरक लक्षात आल्याखेरीज ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा गाभा हाती लागत नाही.

पुनरुत्थान म्हणजे मृत माणूस पूर्वीच्याच आयुष्यात परत येणे नव्हे. नव्या करारातील लाजर येशूच्या हाकेने कबरेतून बाहेर आला, परंतु तो पुढे इतरांसारखाच पुन्हा मरणार होता; येशूचे तिसऱ्या दिवशी उठणे, ज्याचा सण ईस्टरला साजरा होतो, ते मात्र मरणाच्या पलीकडच्या, पुन्हा न संपणाऱ्या जीवनात प्रवेश करणे मानले जाते आणि काळाच्या शेवटी सर्व मृतांच्या वाट्याला येणाऱ्या उठण्याची ती सुरुवात समजली जाते. येशूच्या काळच्या यहुदी समाजातही या प्रश्नावर फूट होती, कारण परूशी पुनरुत्थान मानत आणि सदूकी ते साफ नाकारत. स्वतः परूशी परंपरेतून आलेल्या पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बी आणि त्यातून उगवणारे रोप यांचा दृष्टान्त देऊन सांगितले, की पेरले जाते ते प्राणमय शरीर आणि उठवले जाते ते आध्यात्मिक शरीर. म्हणजे सातत्य तर आहे, पण रूपांतरही आहे.

ही कल्पना ग्रीक जगात गेली तेव्हा तिची गाठ प्लेटोच्या तत्त्वज्ञानाशी पडली, ज्यात आत्मा मूळचाच अविनाशी असून मरण ही त्याची देहातून सुटका ठरते. ऑस्कर कुलमन या अभ्यासकाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात हा विरोध दोन मृत्यूंची तुलना करून मांडला: सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो, तर येशू गेथशेमाने बागेत मरणाच्या विचाराने व्याकूळ होतो, कारण त्याच्या लेखी मरण हा मित्र नसून शत्रू आहे. कुलमनने दोन परंपरांमधील अंतर काहीसे ताणले असेल, कारण चर्चने आत्म्याची कल्पना टाकून दिली नाही; उलट १५१३ च्या लॅटरन परिषदेने आत्म्याचे अमरत्व हा अधिकृत सिद्धान्त ठरवला. तरीही तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलच्या आधाराने आत्म्याला देहाचे आकारतत्त्व, म्हणजे देहाला जिवंत मानवी देह बनवणारे तत्त्व, मानले आणि नुसता आत्मा वाचला म्हणजे माणूस वाचला असे होत नाही, हे ठामपणे सांगितले.

मराठी परंपरेत हा प्रश्न ज्या तीव्रतेने जगला गेला, त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले क्रिस्तपुराण येशूचे पुनरुत्थान ओवीत सांगते, पण तो कथाकाव्याचा प्रांत आहे. तर्काच्या पातळीवर या प्रश्नाला भिडले ते नीळकंठशास्त्री गोरे. झाशीजवळ १८२५ मध्ये चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या आणि काशीत शास्त्राध्ययन केलेल्या या पंडिताने आधी जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या ख्रिस्ती ग्रंथाचे संस्कृतातून खंडन केले, आणि पुढे १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव स्वीकारले. त्यांच्या 'षड्दर्शनदर्पण' या १८६० च्या हिंदी ग्रंथातील एक मुद्दा येथे फार महत्त्वाचा आहे: जीव आणि परमाणू दोन्ही अनादी मानले, तर ईश्वर हा आधीच असलेल्या वस्तूंची व्यवस्था लावणारा ठरतो, त्यांचा निर्माता ठरत नाही. म्हणून आत्मा अनादी नसून ईश्वराने शून्यातून, स्वतःच्या इच्छेने निर्माण केलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. सांख्य दर्शनातला पुरुष, म्हणजे चैतन्यतत्त्व, काही करत नसेल, तर बंध कोणाला आणि मोक्ष कोणाचा, हाही त्यांचा आक्षेप होता. दर्शनकारांना या आक्षेपांची उत्तरे देता येतात आणि गोऱ्यांनी त्यांना सर्वत्र न्याय दिला असे म्हणता येणार नाही. परंतु आत्मा निर्मित असेल तर त्याचे टिकणे हा त्याचा स्वभाव न राहता ईश्वराची देणगी ठरते, आणि मग पुनरुत्थान हीच त्या देणगीची पूर्तता होते, हा धागा त्यांच्या भूमिकेतून स्पष्टपणे निघतो.

देहच उठणार असेल तर कोणता देह, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. एका माणसाचे मांस दुसऱ्याने खाल्ले, तर ते पुनरुत्थानात कोणाचे, या शंकेला ऑगस्टीनने पाचव्या शतकात 'ईश्वराची नगरी' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात उत्तर दिले, की देहाची द्रव्ये कोठेही विखुरली तरी ती निर्मात्याच्या आवाक्याबाहेर जात नाहीत. जॉन लॉकने १६९४ मध्ये व्यक्तीची ओळख द्रव्यात नसून जाणिवेच्या सातत्यात आहे असे प्रतिपादन केले, आणि त्यामागेही पुनरुत्थित व्यक्ती तीच कशी, हा विचार होता.

या तात्त्विक वादाला अंत्यविधीच्या रूपाने व्यावहारिक बाजूही आहे. देह मातीत ठेवणे हे पुनरुत्थानाच्या आशेचे चिन्ह मानले गेल्यामुळे ख्रिस्ती समाजात दफनाची रीत दृढ झाली. कवी नारायण वामन टिळक यांच्या देहाला १९१९ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे अग्नी देण्यात आला, ही गोष्ट म्हणूनच विचारात घेण्यासारखी आहे: ऑगस्टीनचे उत्तर खरे मानले तर अग्नीमुळे आशेला बाध येत नाही, आणि या निर्णयाकडे श्रद्धेची तडजोड म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. टिळक प्रॉटेस्टंट मंडळीतले होते. रोमन कॅथॉलिक चर्चने मात्र १८८६ मध्ये दहनाला मनाई केली होती. ती १९६३ मध्ये उठवण्यात आली, आणि २०१६ च्या सूचनेनुसार दहनानंतरची राख विखुरता येत नाही, ती दफनभूमीसारख्या पवित्र स्थळी जपून ठेवावी लागते.