मनमाडहून पाहिलेले चक्रीवादळ

सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेच्या मुलखात वसलेल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी वागदर्डी धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या मनमाडास समुद्राच्या उचापतींशी काय कर्तव्य, असे कोणासही वाटावे. परंतु २०२० च्या जूनच्या आरंभी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकू लागले, तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत भरून बसलेल्या या टापूलाही त्याची दखल घेणे भागच होते.

हवामानाची हौस असणारा मनुष्य अशा वेळी घरबसल्या वेधशाळेचा बिनपगारी कारकून होतो. इन्सॅट उपग्रहाची दर अर्ध्या तासाची चित्रे, कुलाब्याच्या रडारवरील पावसाचे पट्टे, युरोपीय व अमेरिकन संगणकीय अनुमाने यांचा ताळेबंद तो रात्र जागून मांडतो. २ जूनला वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपलीकडे जाऊन त्या प्रणालीस चक्रीवादळाचा दर्जा मिळाला आणि बांगलादेशाने सुचवलेले नाव तिला लाभले. तेरा देशांच्या १६९ नावांच्या नव्या यादीतील ते पहिलेच.

उबदार समुद्रावरून उठलेली वाफ वर जाऊन तिचे पाणी होताना जी उष्णता सोडते, तिच्यावर चक्रीवादळ पोसते. केंद्रातील वायुभार घटतो, भोवतालची हवा तिकडे धाव घेते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. हौशी निरीक्षकाचे एक व्यसन मात्र घातक: नकाशावरील एका रेषेवर त्याचा जीव जडतो. वादळ रेषा नसून शेकडो किलोमीटरांचा पसारा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. ३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, तेव्हा मार्गाच्या उजवीकडील श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस वारे समुद्राकडून जमिनीवर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, मुंबई डाव्या बाजूस राहिली, म्हणून पुष्कळशी निभावली. बंदरावरचा बावटाही ही बाजू सांगतो. चित्र वाचणाऱ्यालाही ती ओळखावी लागते.

त्या दिवसांत १८८२ साली मुंबईत लाखभर माणसांचे बळी घेणाऱ्या वादळाची कथाही पुन्हा फिरली. तसे वादळ झालेच नव्हते. पण इतिहासातील बनावट दस्तऐवज हवामानाच्या चर्चेत फार लवकर खपतात.

किनारा ओलांडला की बातमीदारांचा उत्साह ओसरतो, आणि मनमाडचा खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. वाफेचा पुरवठा तुटून, डोंगरांशी झगडून वादळ क्षीण होते खरे, तरी त्याचा पाऊस मरत नाही. ‘निसर्ग’ ईशान्येकडे वळले आणि त्याच सायंकाळी-रात्री नाशिक जिल्ह्यावर पाऊस-वारा घेऊन आले. हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे टप्पे चार आहेत. त्यांतील चौथा, किनारा ओलांडण्याच्या किमान बारा तास आधी निघणारा, वादळ पुढे कोठे जाईल व आतील जिल्ह्यांत काय घडेल हे सांगतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यास क्वचितच जागा मिळते. नांदगाव-चांदवडच्या कांदा उत्पादकाला मात्र चाळीवर ताडपत्री ओढून दोर आवळण्यास, आणि वारा कोणत्या अंगाने येईल त्या अंगाला अधिक खुंटे ठोकण्यास, एवढी मुदत पुरते.