अवलोकितेश्वर

अवलोकितेश्वर : महायान बौद्ध पंथातील एक प्रमुख बोधिसत्त्व व करुणेचे मूर्त रूप. पद्मपाणी, लोकेश्वर, लोकनाथ ही त्याची अन्य नावे होत. बुद्धत्व हाताशी आले असतानाही सर्व प्राणिमात्र दुःखमुक्त होईपर्यंत निर्वाण न स्वीकारण्याची प्रतिज्ञा त्याने केली, अशी श्रद्धा आहे. ‘अवलोकित’ आणि ‘ईश्वर’ या दोन पदांवरून ‘दुःखी जगाकडे वळून पाहणारा प्रभू’ असा नावाचा अर्थ सामान्यतः केला जातो. चीनमध्ये रूढ झालेल्या ‘ग्वानयिन’ या नावाचा अर्थ मात्र ‘जगाचा आक्रोश जाणणारा’ असा आहे. त्यामागे ‘अवलोकितस्वर’ हे जुने संस्कृत रूप असावे, असे मानतात. पाहणारा आणि ऐकणारा हे दोन्ही अर्थ त्याच्या उपासनेत एकत्र आलेले आहेत.

महाराष्ट्रातील त्याच्या महत्त्वाच्या प्रतिमा खानदेशच्या दक्षिण सीमेवरील सातमाळा–अजिंठा डोंगररांगेत व तिच्या दक्षिणेकडील लेण्यांत आढळतात. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात मोडत असले, तरी लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी उत्तरेस जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. सुत्तनिपातात बावरीच्या शिष्यांचा गोदातीरावरून प्रतिष्ठान, माहिष्मती व उज्जयिनी असा उत्तरेकडील प्रवास आला आहे. हा मार्ग तापीचे खोरे ओलांडल्यावाचून पुरा होत नाही. घाटांच्या तोंडाशी विहार असणे हे या मार्गामुळेच समजू शकते. चाळीसगावच्या दक्षिणेस असलेली पितळखोरे येथील लेणी इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदण्यास प्रारंभ झाला. त्या काळी तेथे बुद्धाचीही मूर्ती नव्हती. स्तूप हेच उपासनेचे केंद्र होते. पुढे पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास तेथील चैत्यगृहात बुद्धाची चित्रे रंगविण्यात आली. मानवरूपी प्रतिमेपुढे हात जोडण्याची प्रथा या परिसरात कशी नंतर आली, हे त्या एकाच स्थळी पाहावयास मिळते.

अजिंठ्यातील महायान लेणी मुख्यतः वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळातील (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) आहेत. लेणे क्र. १७ चा दाता हरिषेणाचा एक मांडलिक राजा होता. त्याचे राज्य खानदेशात होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूने व्यथित होऊन तो धर्मकार्याकडे वळला, असे तेथील शिलालेखावरून दिसते. राजवैभवाच्या वर्णनांनी भरलेल्या तत्कालीन कोरीव लेखांत ही नोंद वेगळी उठून दिसते.

मूर्तिलक्षणे : अवलोकितेश्वराची ओळख पटविणारी प्रमुख खूण म्हणजे डाव्या किंवा उजव्या हातातील सनाल कमळ. चिखलात उगवूनही अलिप्त राहणारे हे फूल संसारात राहून संसाराने न मळलेल्या बोधिसत्त्वाचे प्रतीक आहे. जटामुकुटात अमिताभ बुद्धाची लहानशी ध्यानस्थ आकृती असते. तीवरून तो अमिताभाच्या कुळातील असल्याचे समजते. अन्य हातांत अक्षमाला व कमंडलू असतात, किंवा हात वरद अथवा अभय मुद्रेत असतो. डाव्या खांद्यावर पुष्कळदा मृगाजिन दिसते. पश्चिम भारतातील लेण्यांत त्याचे तपस्वी रूप विशेष प्रिय होते. अलंकार उतरविलेला, जटाधारी, अजिन पांघरलेला हा बोधिसत्त्व शिवप्रतिमेशी इतका जवळचा वाटतो, की अमिताभाची आकृती झिजली असल्यास नवख्याचा गोंधळ व्हावा. याउलट लेणे क्र. १ मधील ‘पद्मपाणी’ हे जगप्रसिद्ध भित्तिचित्र मुकुट व मोत्यांचे अलंकार ल्यालेल्या राजपुत्राचे आहे. गर्भगृहाच्या अंतराळाशी, प्रवेशद्वाराच्या डावीकडे ते रंगविलेले असून भोवतालच्या आकृतींपेक्षा ते पुष्कळच मोठे आहे. त्याच्या उजव्या हातात कमळ आहे. ही ओळख बहुतांशी त्या कमळावरच आधारलेली असून तिच्याबद्दल विद्वानांत एकवाक्यता नाही. किंचित कललेली मान व खाली झुकलेली दृष्टी यांमुळे मात्र ‘अवलोकित’ या पदाचा अर्थ येथे जितका उतरला आहे, तितका क्वचितच अन्यत्र उतरला असेल.

अष्टमहाभयत्राता : भक्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने पद्मपाणीच्या चित्राहून अधिक मोलाचे शिल्प अजिंठ्याच्या लेणे क्र. ४ मध्ये प्रवेशद्वारालगत आहे. विहारस्वामी माथुर याने दान दिलेले हे लेणे अजिंठ्यातील सर्वांत मोठा विहार असून ते अपुरे राहिले. येथील शिल्पपटाच्या मध्यभागी अवलोकितेश्वर उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेल्या माणसांची लहान दृश्ये कोरली आहेत. हाच विषय अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही आढळतो. औरंगाबाद लेण्यांतील क्र. ७ मध्ये (सहावे शतक) तो सर्वांत स्पष्ट व भव्य स्वरूपात दिसतो. वेरूळ (लेणे क्र. ३) व कान्हेरी (लेणे क्र. ९०) येथेही असे पट आहेत.

औरंगाबादच्या पटात एका बाजूस अग्नी, खड्गधारी शत्रू, बेड्या व नौकाभंग, तर दुसऱ्या बाजूस सिंह, सर्प, मत्त हत्ती व मृत्यूची राक्षसी आकृती अशी आठ भये दाखविली आहेत. अखेरच्या दृश्यात आईच्या कवेतील मूल मृत्यू हिरावून नेऊ पाहतो. भयांचा क्रम व तपशील स्थळपरत्वे बदलतात. त्यांचा मुख्य ग्रंथाधार सद्धर्मपुंडरीक सूत्रातील ‘समंतमुख’ हा परिवर्त (संस्कृत प्रतींत २४ वा) होय. मौल्यवान माल घेऊन चोरांनी व्यापलेल्या प्रदेशातून जाणारा तांडा बोधिसत्त्वाच्या नामोच्चाराने सुखरूप पार पडतो, असे त्यात वर्णन आहे. बोधिसत्त्वाच्या कृपेचे उदाहरण म्हणून सूत्रकाराला सार्थवाह आठवावा, हे लक्षणीय आहे. ही आठ भये बहुतांशी प्रवाशांची भये आहेत. भडोच, सोपारा व कल्याण या बंदरांकडे जाणारे व्यापारी, घाट चढणारे बैलांचे तांडे आणि समुद्रावर गेलेल्यांची वाट पाहणारी घरे यांना त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. जंगलाचे भय तर अजिंठ्यात फार काळ टिकले : १८१९ मध्ये ही लेणी ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली, ते येथे वाघाच्या शिकारीसाठीच आले होते. शिल्पकाराने मात्र परंपरेला धरून सिंहच कोरला.

या पटांच्या जागेकडेही लक्ष दिले पाहिजे. अजिंठा लेणे क्र. ४ व औरंगाबाद लेणे क्र. ७ येथे ते गर्भगृहात नसून प्रवेशद्वाराजवळ आहेत. गर्भगृहातील धर्मोपदेशक बुद्धापर्यंत न पोहोचलेल्या वाटसरूलाही ते दिसत. भक्ताला येथे गहन तत्त्वज्ञानाची अट नव्हती. संकटात नाव घेणे पुरे होते. महायान पंथाने करुणेची कल्पना गृहस्थांच्या आवाक्यात आणली ती अशा साधनांनी.

उपासना : दीप, धूप, फुले, प्रदक्षिणा व नामोच्चार ही उपासनेची सर्वसामान्य अंगे होत. ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा षडक्षरी मंत्र कारंडव्यूह या ग्रंथात आला असून तो पुढे तिबेटात घरोघरी पोहोचला. प्रतिमा घडवून देणे हाही उपासनेचाच प्रकार होता. अजिंठ्याच्या दानलेखांत भिक्षू व गृहस्थ दाते आपल्या दानाचे पुण्य आईवडिलांना व सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतात. करुणामूर्तीपुढे उभा असलेला दाता आपले पुण्य स्वतःपाशी ठेवीत नाही, यात प्रतिमेचा आशय व दानाची रीत यांचा मेळ दिसतो. चिनी यात्रेकरू फाहियान हा सिंहलद्वीपाहून परतताना (सु. ४११-१२) वादळात सापडला, तेव्हा त्याने याच बोधिसत्त्वाचा धावा केला. सु. ६४१ मध्ये महाराष्ट्रात आलेल्या ह्यूएनत्संगाने येथील राजधानीच्या दक्षिणेस एका संघारामातील अवलोकितेश्वराच्या पाषाणमूर्तीचा उल्लेख केला आहे. तिच्यापुढे मनोमन प्रार्थना करणाऱ्या अनेकांच्या इच्छा पूर्ण होत, असे तो म्हणतो. महाराष्ट्रातील या मूर्तिपूजेचा हा मोलाचा समकालीन पुरावा होय. ही राजधानी कोणती, याविषयी मतभेद आहेत.

पुढे तारा व भृकुटी या देवता अवलोकितेश्वराच्या परिवारात आल्या. कान्हेरीच्या उपर्युक्त पटात त्या त्याच्या दोन्ही बाजूंस आहेत. त्याचे अकरा मुखांचे रूपही कान्हेरीत (लेणे क्र. ४१) कोरलेले आहे. नेपाळात पाटण येथील रातो मच्छिंद्रनाथ हे त्याचेच रूप मानतात. चीनमध्ये तो हळूहळू स्त्रीरूप झाला, जपानमध्ये ‘कान्नोन’ म्हणून पूजिला जातो, तर तिबेटात दलाई लामा हे त्याचे अवतार समजले जातात. जन्मभूमीत मात्र बौद्ध संघाच्या ऱ्हासाबरोबर त्याची पूजा लोपली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतल्यानंतर खानदेशातही बौद्ध उपासना पुन्हा सुरू झाली. पण ती या बोधिसत्त्वाची नव्हे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बुद्धविहारांत बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा यांपुढे फुले वाहून, मेणबत्ती व अगरबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणतात. वैशाख पौर्णिमा हा मोठा सण असतो. येथे बुद्ध हा वर देणारा देव नसून मार्ग दाखविणारा गुरू आहे. संकटात धावून येणाऱ्या दैवी त्रात्याला या विचारात स्थान नाही. बुद्ध आणि त्याचा धम्म (१९५७) या ग्रंथात आंबेडकरांनी प्रज्ञेच्या जोडीला शील, करुणा व मैत्री यांची आवश्यकता सांगितली असून करुणा ही माणसांविषयीची व मैत्री ही सर्व जीवमात्रांविषयीची, असा भेद केला आहे. अजिंठ्याच्या शिल्पकाराने करुणा द्वारापाशी उभी केली व तिला हाक मारण्यास सांगितले. आजच्या विहारात ती उपासकाने स्वतः आचरावयाची असते. लेणी पाहावयास जाणाऱ्या खानदेशातील बौद्ध कुटुंबांपुढे लेणे क्र. ४ च्या दाराशी हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.