पहिला हात कोणाचा?

जून उजाडला की मावळ तालुक्यातल्या सुदुंबरे गावातून केशरी गणवेशातले जवान ट्रकमध्ये रबरी बोटी चढवून निघतात. अजून कुठे पूर आलेला नसतो, कुठे दरड कोसळलेली नसते. तरीही कोल्हापूर, सांगली, महाड, चिपळूण अशा ठिकाणी पथके मुक्कामाला जातात आणि पावसाचा जोर ओसरेपर्यंत तिथेच राहतात. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित असलेल्या या गावात आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, पाचव्या बटालियनचा तळ आहे.

संकट येण्याआधीच माणसे जागेवर नेऊन ठेवायची ही पद्धत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. पण तिच्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. लष्कर आले, पोलीस आले, आसपासच्या गावांतून लोक धावले. त्यांनी जिवाचे रान केले. पण ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत काढण्याचे शास्त्र शिकलेले, त्यासाठीच राखून ठेवलेले दल त्या दिवशी देशाकडे नव्हते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत हाच धडा पुन:पुन्हा मिळाला. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले, २००१ च्या प्रजासत्ताक दिनी भूज कोसळले, २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. दर वेळी मदत पोचली, पण मदतीची घडी संकट आल्यानंतर बसवावी लागली. अखेर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ च्या जानेवारीत त्याच कायद्याखाली एनडीआरएफ उभे राहिले.

दल कसे बांधले?

एनडीआरएफसाठी नवी भरती केली नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्या प्रत्येकी दोन अशा आठ बटालियन घेऊन सुरुवात झाली. आता त्यांची संख्या १६ आहे. जवान आपल्या मूळ दलातून प्रतिनियुक्तीवर येतात, काही वर्षे काम करतात आणि परत जातात. या रचनेमुळे शिस्त लागलेली, धडधाकट माणसे पहिल्या दिवसापासून मिळाली. तोटाही उघड आहे. ज्याच्या हाताला स्लॅब कापण्याचे वळण लागले तो जवान परत जातो आणि त्याच्या जागी नव्याला पहिल्यापासून शिकवावे लागते. म्हणून या दलात प्रशिक्षण कधीच संपत नाही. नागपुरात दलाची अकादमी आहे, आणि नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण १९५७ पासून त्याच शहरात चालत आले आहे.

एका बटालियनची मंजूर संख्या १,१४९. तिच्यात प्रत्येकी ४५ जणांची १८ शोध व बचाव पथके असतात. अशा पथकात अभियंता, इलेक्ट्रिशियन, तंत्रज्ञ, वैद्यकीय कर्मचारी आणि श्वानपथक असते. आपल्यापुरते लागणारे सगळे बरोबर घेऊन ते निघते. स्वतःची भाकर आणि राहुटी त्याने सोबत न्यायची असते. आधीच कोलमडलेल्या गावावर त्याचा भार पडता कामा नये.

सुरुवातीच्या काळात या बटालियनना कायदा-सुव्यवस्थेच्या बंदोबस्तावरही धाडले जाई. २००८ पासून त्या केवळ आपत्तीसाठी राखून ठेवल्या गेल्या आणि त्याच वर्षी बिहारच्या कोसी पुरात दलाने एक लाखाहून जास्त लोकांना बाहेर काढले. पुढे कामाचा पैस वाढत गेला. २०२० मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्यात वायुगळती झाली, तेव्हा रासायनिक संकट हाताळणारे खास पथक पुण्याहून विमानाने पाठवले गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपात दलाचे दीडशेवर जवान आणि श्वान जाऊन काम करून आले.

ढिगाऱ्यावर काय चालते?

टीव्हीवर आपल्याला जेसीबी दिसतो, गर्दी दिसते. खरे काम याच्या उलट, हळू आणि हाताने चालते. इमारत कोसळली की मजले बहुधा भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकमेकांवर बसतात. मधे कुठे एखादा पिलर, कपाट किंवा जिना आडवा आला तर पोकळी राहते. माणूस वाचला असेल तर त्या पोकळीत. म्हणून आल्या आल्या खणायला लागायचे नाही. आधी वीज आणि गॅस बंद करायचा, बघ्यांना दूर सारायचे, कोण कोणत्या खोलीत होते हे शेजाऱ्यांकडून विचारून घ्यायचे. ही शेजाऱ्यांची माहिती कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर पोकळीपर्यंत नेते.

मग श्वान फिरवतात. त्यानंतर येते शांतता. सगळी यंत्रे बंद होतात, बोलणे थांबते, एक जण फटीशी तोंड नेऊन मोठ्याने हाक देतो आणि आवाज ऐकू येत असेल तर काहीतरी ठोका, असे सांगतो. मग सगळे कान देऊन थांबतात. बारीक ठोकाही टिपणारी उपकरणे आणि लांब दांडीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा या वेळी उपयोगी पडतो. ठिकाण नक्की झाले की काँक्रीट कापायचे. कापता कापता वरचा भार खाली येऊ नये म्हणून लाकडी टेकू देत पुढे सरकावे लागते. एका माणसापर्यंत पोचायला कित्येक तास जातात.

पोचल्यावरही घाई जिवावर बेतते. कित्येक तास स्लॅबखाली दबलेल्या पायाचे स्नायू मरू लागलेले असतात. त्यातून सुटलेले पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये दाबामुळे पायातच अडकून असतात. स्लॅब उचलला की ती एका दमात रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे निकामी होतात, हृदय थांबू शकते. हसत-बोलत बाहेर आलेला माणूस थोड्याच वेळात दगावतो तो यामुळे. म्हणून वजन उचलण्याआधी, जमेल तर त्या बिळातच, त्याला सलाइन लावायचे असते.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. सोळा जण गेले. पण सुमारे १९ तासांनंतर एका चार वर्षांच्या मुलाला आणि दिवस उलटून गेल्यावर एका साठीच्या बाईंना पथकांनी जिवंत बाहेर काढले. आपण याला चमत्कार म्हणतो. त्यात नशिबाचा भाग असतोच. पण त्या ढिगाऱ्यावर कोणीतरी भराभर यंत्र चालवण्याचा मोह आवरला होता, हेही विसरू नये.

हुकूम कोण देतो, पैसा कुठून येतो?

कायद्याने तीन पायऱ्या आखल्या आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. संकटाच्या वेळी सर्वांत जड पायरी तिसरी. बोटी कुठे पाठवायच्या, कोणते गाव आधी हलवायचे, शाळेत किती लोकांची सोय होईल, हे जिल्हाधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे तहसीलदार ठरवतात. एनडीआरएफ तिथे स्थानिक प्रशासनाच्या मदतीला असते.

पैशाची व्यवस्थाही कायम आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी रुपये सुचवले. बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. या निधीत आयोगाने दोन मोलाचे कप्पे केले. वीस टक्के रक्कम आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी आणि दहा टक्के सज्जता व क्षमता वाढवण्यासाठी. म्हणजे बोट विकत घ्यायला, माणसे शिकवायला पैसा नाही ही सबब आता टिकणारी नाही.

पण पहिला तास?

इतके सगळे उभे केल्यावर एक प्रश्न उरतोच, तो अंतराचा. सुदुंबऱ्याहून कोल्हापूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर चढत चढत येतो, त्याची चाहूल आधी लागते, म्हणून पथक पुढे नेऊन ठेवता येते. दरडीची अशी निश्चित जागा आणि वेळ कोणी सांगत नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती एका एसटीचालकामुळे. नेहमीच्या फेरीवर तो पोचला, तर समोर गावच नव्हते. दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले, तेव्हा सावित्रीच्या पुराने महाडच पाण्यात होते, रस्ते बंद होते आणि बाहेरची पथके दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर गावकरीच हातांनी माती उपसत होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत रस्ताच नाही, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत. भर पावसात, निसरड्या पायवाटेने सगळ्यांना चालत चढावे लागले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवर हृदयविकाराने गेला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

या तिन्ही ठिकाणी दलाच्या तत्परतेत खोट नव्हती. डोंगर, पाणी आणि रस्ता यांच्याशी कोणतीही बटालियन भांडू शकत नाही. जपानसारख्या सज्ज देशाचाही अनुभव हाच आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून सोडवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढले, असा अंदाज आहे. २०१८ च्या केरळ पुरात मच्छीमारांनी स्वतःच्या होड्या लॉरींवर घालून आणल्या आणि हजारो लोक वाचवले. उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात २०२३ मध्ये ४१ कामगार सतरा दिवस अडकले, अजस्र यंत्र मोडून पडले आणि शेवटचे काही मीटर हाताने खणले ते अरुंद बिळांत कोळसा काढण्याची सवय असलेल्या मजुरांनी.

मात्र शेजाऱ्याची माया पुरेशी नसते. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे गावचीच माणसे लोकांना बाहेर काढत होती. बोटीत क्षमतेहून जास्त लोक बसले आणि बोट उलटून अनेकांचा जीव गेला. धाडस होते, बोटही होती. नव्हती ती लाइफ जॅकेट आणि माणसे मोजून बसवण्याची शिस्त. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आपत्ती आणि पहिला प्रशिक्षित हात यांच्यातले अंतर किती, यावरच देशाची सज्जता मोजावी.

मधली कडी

हे अंतर कमी करता येते, हे ओडिशाने दाखवले. १९९९ च्या वादळात तिथे सुमारे दहा हजार लोक गेले. त्या राज्याने त्याच वर्षी आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढले, २००१ मध्ये स्वतःचे प्रतिसाद दल उभारले, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१९ मध्ये फनी वादळ आले तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलवले गेले. मृतांचा आकडा ६४ वर थांबला.

महाराष्ट्राचेही राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे. त्याचे तळ धुळे आणि नागपूर येथे उभे राहिले. धुळ्याहून कोल्हापूर पाचशे किलोमीटरहून दूर आहे आणि दरडी तर रायगड, रत्नागिरी, सातारा, पुणे या पट्ट्यात कोसळतात. पावसाळ्यात पथके पुढे पाठवली जातात हे खरे. पण सह्याद्रीच्या कुशीत आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी राज्याच्या दलाचे कायमचे तळ असायला हवेत. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या प्रतिसाद दलांना कायद्यातच जागा दिली आहे आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची सोय केली आहे. तिचा उपयोग आता राज्याने करून घ्यावा.

त्याच्या खालची कडी गावाची. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावातल्या तरुणांना बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि एक साहित्यसंच मिळतो. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, कोल्हापूरची व्हाईट आर्मी, सह्याद्रीतले गिर्यारोहक अशी स्वयंस्फूर्त माणसे आपल्याकडे कित्येक वर्षे दऱ्यांत आणि पुरात उतरत आहेत. त्यांना वाट माहीत असते, डोंगर माहीत असतो. त्यांना विमा, साहित्य आणि जिल्ह्याच्या आराखड्यात नावानिशी जागा मिळाली, तर ती प्रशिक्षित पहिली फळी ठरेल.

यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारता येतात. आपल्या गावात दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या घरी आहे? पोहता येणारे, सलाइन लावता येणारे, ट्रॅक्टर चालवणारे कोण? घरटी माणसे किती, त्यांत अंथरुणाला खिळलेले किती, याची यादी कुठे आहे? आणि रात्री दोन वाजता डोंगराला भेग दिसली तर कोणी कोणाला उठवायचे? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्या गावाकडे आहेत, तिथे केशरी गणवेश उशिरा पोचला तरी त्याला वाचवण्यासारखी माणसे शिल्लक सापडतील.